नटावरची लाल रेघ

सत्यमने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि हुमाचा हात ॲप्रनच्या खिशातल्या नेलपॉलिशच्या बाटलीवर गेला. बाटली अम्मीची होती. अम्मीनं ती बोटांना लावल्याचं घरात कुणी पाहिलं नव्हतं. लाल रंग सगळा नटांवरच संपायचा.

लातूरच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी मिळून बांधलेली ही एकट्यानं बसायची गाडी आज पहिल्यांदा मैदानात धावणार होती. पुण्याच्या एका मोटार कारखान्यातून शरणप्पा साहेब ती बघायला आले होते. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी ते एकालाच निवडणार होते, आणि हुमाला ती जागा अगदी मनापासून हवी होती. साहेबांच्या हातातल्या पॅडवर तिचाच अर्ज सगळ्यात वर होता. त्यातल्या ‘अनुभव’ या रकान्यात तिनं काल ‘निरंक’ असं लिहिलं होतं.

तिची नजर मात्र मागच्या डाव्या चाकावर खिळली होती. चार नट, चार लाल रेघा. नट आवळला की त्याच्यावरून खाली चाकापर्यंत एक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला, की रेघ तुटलेली दिसते. ही तिच्या अब्बांची, फारूक मिस्त्रींची पद्धत. त्यांच्या गॅरेजात नियम दोनच. आवळल्याशिवाय रेघ नाही, आणि रेघ ज्याची, पहिली चक्कर त्याची. सकाळी हुमानं या चाकाचे तीन नट आवळले, तेवढ्यात त्याच अब्बांचा फोन आला, काही खाल्लंस का म्हणून. फोन खांद्यात धरून बोलता बोलता तिनं चारही रेघा ओढून टाकल्या. चौथ्या नटाला पाना लावल्याचं आता काही केल्या आठवेना.

गप्प बसलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. एका चकरेत चाक थोडंच निखळतं? पण सत्यमने इंजिन सुरू केलं आणि तिच्यानं राहवेना.

“सत्यम, बंद कर गाडी.”

“आता? काय करायलीस हुमा? साहेब घड्याळ बघायलेत.”

“एक नट माझ्याकडून राहिलाय. रेघ मारली, पण आवळल्याचं आठवत न्हाई.”

मागं कुणीतरी हसलं. हुमाचे कान तापले. ती खाली बसली, पाना लावला. पुरता आवळल्याचा कट् असा आवाज पान्यातून येईपर्यंत नट चांगला पाव फेरा फिरला आणि लाल रेघ मधोमध तुटली.

शरणप्पा जवळ आले होते.

“बाकीचे?”

“आवळलेत, सर.” तिनं तुटलेल्या रेघेकडं पाहिलं. “पण आता माझ्या रेघेवर माझाच भरवसा न्हाई. सगळे पुन्हा बघते.”

थिनरच्या बोळ्यानं तिनं चारही चाकांवरच्या सोळाच्या सोळा रेघा पुसल्या. ऊन चढलं. पोरं कंटाळून चहाला गेली, एकटा सत्यम हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. साहेब मात्र तिच्यामागून एकेक चाक फिरत होते. नटाला पाना, कट्, मग रेघ.

“ही पद्धत कुठं शिकलात?”

“अब्बांचं गॅरेज हाय, औसा रोडला. सातवीत होते तवापासून, शाळा सुटली की तिथंच.”

शेवटची रेघ वाळल्यावर साहेबांनी पॅडवरचा वरचा कागद काढून तिच्यापुढं धरला. तो तिचा अर्ज होता. परत करताहेत, असंच हुमाला वाटलं.

“यात एक चूक आहे,” ते म्हणाले, आणि खिशातलं पेन तिला दिलं. “दुरुस्त करा.”

हुमानं अर्ज वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. मग कागद गुडघ्यावर ठेवून तिनं ‘निरंक’वर रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: आठ वर्षं, फारूक गॅरेज, औसा रोड.

कागद साहेबांच्या हातात देऊन ती सत्यमकडे वळली.

“हेल्मेट दे. पहिली चक्कर माझी.”