हार्झचा चढ

“पहिल्या दिवशी चढ किती आहे, पाहिलं का तुम्ही?” ईशितानं विचारलं.

“पाहून राहिलो ना.” शैलेंद्र गावंडेंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लॅपटॉपच्या जवळ तोंड नेलं. “चौदा किलोमीटर. अन् चढ चारशे मीटर.”

“आणि सॉक्स? कॉटनचे नकोत. वूलचे घ्या. ब्लिस्टर आले की संपलं.”

“घेतले. दोन जोड.”

“तीन घ्या.”

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ होता. गावंडे कॅनडातल्या ग्वेल्फ शहरात, आपल्या स्वयंपाकघरात तसेच बसून राहिले. तीन घ्या, म्हणाली. दोन वर्षांत लेकीनं त्यांना दिलेला हा पहिला सल्ला होता.

ईशिता जर्मनीत, ग्योटिंगेनला जंगलांवर संशोधन करत होती. गावंडे नागपूर सोडून कॅनडात आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीन दुरुस्त करत त्यांनी वीस वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी सीमाला, त्यांच्या बायकोला, सप्टेंबरमध्ये कॅन्सर निघाला आणि नोव्हेंबरमध्ये ती गेली. ईशिता पोचली ती दोन दिवस उशिरा. तिची पीएचडीची शेवटची परीक्षा होती, म्हणून तिला काही कळवलंच नव्हतं. “आईनंच नको म्हटलं,” गावंडेंनी तिला दारातच सांगितलं. ती नऊ दिवस राहिली, गेली, आणि मग फोन बंद.

या जानेवारीत त्यांनी ईमेल केली. भेटायचं आहे, बोलायचं आहे. पाच दिवसांनी उत्तर आलं. घरी येणार नाही. समोरासमोर बसून बोलणं मला जमणार नाही. बोलायचंच असेल तर मेमध्ये इकडे या आणि माझ्याबरोबर हार्झच्या डोंगरात पाच दिवस चाला.

गावंडे एकसष्ट वर्षांचे होते. उजवा गुडघा झिजलेला होता. त्यांनी एका ओळीत लिहिलं, येतो.

मग दर रविवारी फोन सुरू झाला. ओस्टेरोडेहून निघायचं, ब्रोकन नावाच्या शिखरावरून जायचं, टालेला उतरायचं. जवळजवळ शंभर किलोमीटर. रेनकोट कसा हवा, पाणी किती घ्यायचं, कुठल्या गावात मुक्काम. आईचा विषय दोघंही काढत नव्हते. रविवार जवळ आला की गावंडे मुद्दाम प्रश्न जमवून ठेवत. एकदा त्यांनी बुटांच्या नाड्यांवर दहा मिनिटं काढली.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी बांधून जिना चढत-उतरत. शशिकांत देशकर, त्यांच्याच शिफ्टमधला, एकदा खाली उभा राहून पाहत होता.

“गावंडे, गुडघा हातात येईल तुमचा. फोनवर सांगून टाका ना जे सांगायचं ते.”

“फोनवर ती कट करते. तिथं रानात कुठं जाईल? ऐकून तर घेईल.”

“एवढं काय सांगायचं आहे?”

गावंडे पुन्हा वर चढले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस पडला. एक दिवस चुकवला तर तयारी मागं पडेल, म्हणून ते सकाळी नदीकाठच्या पायवाटेवर गेले. उतारावर पाय सटकला. डावा घोटा खाली आला आणि त्यावर सगळं अंग. तांदळाची पिशवी फुटून दाणे बर्फावर पांगले. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईनं अँब्युलन्स बोलावली.

घोट्यात प्लेट बसवली. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, असं सर्जननं सांगितलं.

“चाकाच्या खुर्चीत बसून विमानानं गेलो तर?”

सर्जननं नकारार्थी मान हलवली. पायाला सूज फार होती, रक्ताची गाठ होण्याचा धोका होता. गावंडेंनी तेच पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी त्यांनी हात जोडले. सर्जन तरुण होती. तिला त्या जोडलेल्या हातांचं काय करावं कळेना.

रविवारी त्यांनी कॅमेरा फक्त चेहऱ्यावर राहील असा ठेवला.

“आज किती चाललात?”

“सहा किलोमीटर.”

“गुड. गुडघा?”

“मस्त आहे.”

पुढच्या रविवारी आठ सांगितले. ईशिता त्या दिवशी थोडी मोकळी होती. “बाबा, तिकडची झाडं मेली आहेत, माहीत आहे ना? स्प्रूस. कीड लागली. डोंगरच्या डोंगर करडे झालेत. मी हे सगळं मोजते. तुम्हाला हिरवं जंगल वाटत असेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.”

आधीच सांगून ठेवते. गावंडेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ईशू,” ते म्हणाले, “मी पडलो. दहा दिवस झाले. पाय मोडला. ऑपरेशन झालं.”

“दहा दिवस? मग ते सहा किलोमीटर?”

“खोटं होतं.”

“तुम्ही पुन्हा तेच केलंत. अनबिलिव्हेबल, बाबा. व्हाय?”

“तू येऊ नका म्हणशील म्हणून.” त्यांनी टेबलाची कड धरली. “अजून एक आहे. ते चालताना सांगणार होतो. आईनं नको म्हटलं, असं मी तुला सांगितलं. ते सुरुवातीचं होतं. मागून तिनं बोलवा म्हटलं. तीनदा म्हटलं. मी तुला फोन नाही केला.”

“काय म्हणाली ती? एक्झॅक्टली.”

“म्हणाली, ईशूला बोलवा आता, तिच्या परीक्षेचं राहू द्या. दुसऱ्यांदा नुसतं तुझं नाव घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं, निघाली का ती? मी म्हटलं, निघाली.”

पडद्यावर ईशितानं खुर्ची मागं सरकवली.

“मला वाटे, अजून आठवडा आहे. अन् तू आली, की मग ती जाणार हे खरंच आहे असं होईल. म्हणून नाही केला. दुसरं काही कारण नाही.”

ईशिता उठली. रिकामी खुर्ची आणि तिच्या मागचं पुस्तकांचं कपाट तेवढं दिसत राहिलं. बऱ्याच वेळानं एक हात आला आणि फोन बंद झाला.

त्यानंतर गावंडेंनी किती फोन केले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदाही उचलला गेला नाही. ब्रोकनच्या माथ्यापर्यंत वाफेची आगगाडी जाते हे त्यांनी शोधून काढलं आणि लिहिलं, डॉक्टरांनी जाऊ दिलं तर मी गाडीनं वर येऊन बसतो, तू चढून ये, बोलू नको हवं तर. उत्तर नाही. सर्जनला पुन्हा विचारलं. तिथंही नाहीच. शशिकांत डबा घेऊन येई, तेव्हा ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत.

“दोन घास खा.”

“तिला वाटे आईलाच ती नको होती. दोन वर्षं तिला मी तसं वाटू दिलं, शशिकांत.”

शशिकांतनं डबा उघडून ठेवला आणि तो गेला.

मे उजाडला. ठरलेल्या तारखा आल्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ती निघाली की घरीच राहिली, हेही त्यांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्वयंपाकघरात बसून चहा घेत होते. व्हिडिओ कॉल आला. त्यांनी लगेच घेतला. चेहरा दिसत नव्हता. फोन तिनं छातीवर कुठंतरी अडकवला असावा. दगडांची वाट हलत होती, दोन्ही बाजूंना साल गळालेली उभी खोडं, त्यांच्या बुडाशी कुठं कुठं हिरवी कोवळी रोपं. बुटांचा आवाज येत होता आणि तिचा श्वास.

गावंडेंनी फोन दोन्ही हातांत धरला. बोललं तर कट होईल, अशी भीती वाटली.

पाचेक मिनिटांनी तिचा आवाज आला. “बाबा, इथून चढ आहे.”

“हो,” ते म्हणाले.

मग नुसता श्वास, जड होत चाललेला. बसून तो ऐकणं त्यांना जमेना. त्यांनी फोन मिठाच्या बरणीला टेकवला, वॉकर जवळ ओढला आणि दोन्ही हातांवर भार देऊन उठले. प्लास्टरचा पाय अधांतरी धरून, झिजलेल्या गुडघ्यावर ते तसेच उभे राहिले. गुडघा कापायला लागला. चहावर साय धरली. पडद्यावरची वाट अजून वरच जात होती.