मोजणी संपेपर्यंत बसा

सकाळी दवाखाना उघडला की मी आधी कॉम्प्युटरचं बटण दाबते. मग झाडते, मग टेबल पुसते, मग दोन्ही बाक पुसते, आणि एवढं सगळं उरकून खुर्चीत टेकले तरी तो मेला मोजतच असतो. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे वर वर चढत जातात, शेवटाला पोचतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. काय मोजतो, तर स्वतःची मेमरी. काल होती तेवढी आज आहे की नाही ते बघतो म्हणे. अरे, तुझी मेमरी कोण चोरून नेणार आहे? टेबलाखाली धूळ खात पडलेला डबा तू.

दवाखाना जनावरांचा आहे. डॉक्टर माझा धाकटा भाऊ. लोकांना तो डॉक्टरसाहेब, मला बाळ्या. चारचौघांत मी त्याला 'डॉक्टर' म्हणायचं असं आमचं ठरलंय, आणि बहुतेक वेळा मी ते पाळते. मी बाहेरच्या टेबलाशी बसते. कुठलं जनावर, वय काय, मागच्या खेपेला कुठलं औषध दिलं, सगळं त्या कॉम्प्युटरात. तो उघडल्याशिवाय मला कुणाला आत सोडता येत नाही. तोवर एका बाकावर कुत्री, समोरच्या बाकावर मांजरं आणि मधे मी.

"मोजणी संपेपर्यंत बसा," मी सांगते. माणसं बसतात. जनावरं कशाला ऐकताहेत? परवा टाके घालायला आणलेल्या एका बोक्यानं टोपलीतून पंजा काढून शेजारून जाणाऱ्या कुत्र्याच्या नाकावर अशी एक ठेवून दिली की तो घोड्याएवढा कुत्रा मालकिणीच्या मांडीवर चढून बसला. मालकीण बिचारी काडीपैलवान. तिला त्याच्याखालून बाहेर काढायला बाळ्याला हातातलं इंजेक्शन टाकून धावत यावं लागलं.

नेमकी त्याच वेळी आमची भावजय तिथे हजर. ती एरवी दवाखान्यात फिरकत नाही, पण असं काही घडायचं असलं की बरोबर टपकते. म्हणाली, "माझा मावसभाऊ एक स्क्रीन विकतो. भिंतीला लावायची. लोक येतात, बोटानं आपली आपण नोंद करतात आणि आत जातात. ताईंची दगदग वाचेल. किती दिवस राबायचं त्यांनी? घरी आराम करू दे."

माझी एवढी काळजी तिला कधीपासून वाटायला लागली, ते देव जाणे. आराम म्हणे. आमचे हे गेल्यापासून मी घरात आरामच करत होते, भिंतींकडे बघत. बाळ्यानं या खुर्चीत आणून बसवलं तेव्हा कुठे मला पुन्हा भूक लागायला लागली. ही खुर्ची गेली तर मी सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे मला खरंच कळत नव्हतं. पण तिच्यासमोर कशाला बोलू? मी फक्त म्हटलं, "बोक्याला टाके घालायचेत, बाजूला व्हा."

बाळ्या मात्र म्हणाला, "सोमवारी तो दाखवायला येतोय. बघू तर." बाळ्या 'बघू तर' म्हणाला की त्याचं अर्धं ठरलेलं असतं. लहानपणापासूनची खोड आहे ती.

म्हणजे सोमवारच्या आत हा कॉम्प्युटर सुतासारखा सरळ व्हायला हवा होता. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही स्क्रू म्हणतो, कारण तो चालला की खिशात स्क्रू वाजतात. हुशार आहे, पण दुपारशिवाय घराबाहेर पडत नाही. तो दुपारी आला, कुठल्याशा निळ्या पडद्यात शिरला, 'मेमरी मोजत बसू नकोस' असं कॉम्प्युटरला बजावलं आणि बंद करून पुन्हा चालू केला. चुटकीसरशी उघडला. मी स्क्रूला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजणी सुरू.

स्क्रू पुन्हा दुपारी आला. या वेळी त्यानं डबा उघडला, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, शाळेतल्या खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या आणि कॉम्प्युटरला पुन्हा तेच बजावलं. बंद केला, चालू केला. उघडला. सकाळी मोजणी आपली चालूच. मी फोनवर त्याला धारेवर धरलं, तर म्हणतो, "ताई, माझ्यासमोर तर चांगला चालतो."

"पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं पोर असतं ना, तसलं आहे ते," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी दार उघडताना इथे हजर राहा. झोप आली तर बाकावर झोपा. कुत्री काही म्हणणार नाहीत."

सोमवारी तो आला. डोळे सुजलेले, केस उभे. पाठोपाठ भावजय आली आणि तिच्यामागे मावसभाऊ, काखेत स्क्रीन घेऊन. मी बटण दाबलं आणि आकडे चढायला लागले. मावसभाऊ घड्याळाकडे बघून गालात हसला. मी चेहरा सरळ ठेवला. मोजणी एकदाची संपली, तशी मी सवयीप्रमाणे तारीख नीट करायला घेतली.

बाकावर पेंगणारा स्क्रू ताडकन उठला. "काय करताय?"

"तारीख. रोज मागे जाते. मी पुढे आणते."

"रोज?"

"रोज. एकदा विसरले, तर एका पिल्लाच्या कार्डावर त्याच्या जन्माआधीची लस छापून आली. मालक भांडायला आले होते."

स्क्रूनं कपाळाला हात लावला. "ताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का? मला वाटलं, माझं कामच आहे ते."

मग त्यानं सगळ्यांना समजावलं. आत शर्टाच्या गुंडीसारखा एक सेल असतो. वीज नसताना तारीख आणि सांगून ठेवलेल्या गोष्टी तोच सांभाळतो. तो सेल संपलाय. भिंतीवरची वीज चालू आहे तोवर कॉम्प्युटरला सगळं आठवतं. वीज गेली की सगळं विसरतो, आणि सकाळी नव्यानं मोजायला बसतो. "पण त्यासाठी कुणीतरी रोज भिंतीवरचं बटण बंद करायला हवं," तो म्हणाला. "कोण करतं?"

"मी तर कॉम्प्युटर बंद करून आधी निघते," मी म्हटलं.

"मी करतो," बाळ्या आतून हातमोजे ओढत येत म्हणाला.

माझा पारा असा चढला म्हणून सांगू. इतके दिवस बोलणी मी खाल्ली, खुर्ची माझी जायची वेळ आली, आणि घोळ या शहाण्याचा. दोन्ही बाकांसमोर त्याला चांगला सोलून काढायचा म्हणून मी तोंड उघडलं.

"मग?" तो साधेपणानं म्हणाला. "ताईनंच सांगितलंय. शेवटी निघेल त्यानं बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची. लशींचा फ्रिज तेवढा सोडतो."

सांगितलं होतं मीच, पण या दवाखान्यात नव्हे. आई गेली तेव्हा बाळ्या एवढासा होता. मी सकाळी कामावर जायची आणि तो मागून कुलूप लावून शाळेत. आई नाही तर घराला आगबिग लागेल अशी मला धास्ती, म्हणून त्याला रोज दरडावायची. शेंबडं पोर ते, गल्लीच्या कोपऱ्यावरून माघारी जाऊन बटणं बघून यायचं. मी ते विसरूनही गेले होते. तो नव्हता विसरला.

तेवढ्यात मावसभाऊ म्हणाला, "आमच्या स्क्रीनला ही भानगडच नाही. ती बंदच करायची नाही."

"रात्रीसुद्धा?" बाळ्यानं विचारलं.

"रात्रीसुद्धा. बंद केली तर सकाळी पहिल्यापासून सगळं लावत बसावं लागेल."

"म्हणजे इथे कुणी नसताना ती चालू राहणार?"

"चालू राहणार."

बाळ्यानं माझ्याकडे बघितलं. मी टोपलीतल्या मांजराकडे बघत राहिले.

"मग नको," तो म्हणाला.

भावजय म्हणाली, "अहो, वीज लागून लागून लागणार किती?"

"विजेचं नाही गं. मला झोप लागणार नाही."

मावसभाऊ स्क्रीन काखेत मारून गेला. त्याच्यामागोमाग भावजयही गेली. स्क्रूनं नवा सेल बसवला आणि तिथेच बाकावर, एका म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी, झोपून गेला.

आता बटण दाबून झाडू हातात घेईपर्यंत कॉम्प्युटर उघडलेला असतो. बाक पुसायचे राहतात कधीकधी. संध्याकाळी मात्र मी हल्ली आधी निघत नाही. बाळ्याबरोबरच निघते. काल कोपऱ्यापर्यंत आलो आणि सहज माझ्या तोंडून गेलं, "बटणं बंद केलीस का रे?"

"केली," तो म्हणाला, आणि तरी बघायला माघारी गेला. मी कोपऱ्यावर त्याची वाट बघत उभी राहिले.