दमट पाला

"माझ्या हातचा पाला कधी दमट यायचा न्हाई. आलाच, तर टाकू नगं. आदी मला फोन कर," सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

आई, म्हणजे सासूबाई, पासली गावात एकट्या राहायच्या, आम्ही भोरला. परसात कढीपत्त्याची दोन झाडं आणि मेथी-कोथिंबिरीचा वाफा. जास्तीचा पाला त्या धुऊन, निथळून, ओसरीवर जुन्या लुगड्यावर पसरायच्या. ऊन लागू द्यायच्या नाहीत. दिवसातून तीनदा हाताने वरखाली करायच्या. मुठीत धरून चुरा झाला की मगच पिशवीत. गावातल्या गोरखच्या दुधाच्या टेम्पोतून पिशवी नसरापूरला यायची आणि तिथल्या बँकेतून सुटला की कुमार, माझा नवरा, ती घरी आणायचा.

मी कोथिंबीर चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, हे ऐकून त्यांनी मला चिडवलं होतं. "बर्फात कोथिंबीर व्हय? तिला थंडी वाजून ताप यायचा." पण शेफालीच्या पेजेत मी आईंचाच पाला चुरडून घालायचे. पोर दीड वर्षाची. तिच्या तोंडात जाणारं सगळं मी आधी हुंगून बघते.

यंदा जानेवारीत पिशवी आली ती ओलसर. पानं एकमेकांना चिकटलेली, मेथी काळपट, वास न वाळलेल्या फडक्यासारखा. मी सगळं घंटागाडीत टाकलं आणि साबणाने दोनदा हात धुतले. पिशवी तेवढी धुऊन, घडी करून ठेवली, परत पाठवायला.

फोन केला नाही. आईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, पाला कसा आलाय? मला खोटं बोलता येत नाही, आणि टाकला म्हटलं असतं तर त्यांना लागलं असतं. त्यांच्याशी बोलणं माझ्याकडेच असायचं. कुमारने दोनदा आठवण करून दिली. मी दोन्ही वेळा उद्या म्हटलं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी आईंच्या शेजारच्या रतनबाईंचा फोन आला. आईंना धाप लागली होती. कुमारने त्यांना पुण्याला नेलं. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दहाव्याला पासलीत रतनबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं की पाला पसरला त्याच दिवशी आईंना ताप भरला. उठून तो हलवायचं त्राण उरलं नव्हतं. तरी टेम्पो चुकायला नको म्हणून तसाच भरला. रतनबाई कुमारला कळवते म्हणाल्या, तर आईंनी त्यांना अडवलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनल्या, नगं. पाला बगितला की नीरजा फोन करंल." रतनबाई म्हणाल्या. "मोबाईल उशालाच ठिवला हुता."

ओसरीवर ते लुगडं तसंच होतं. विणीत मेथीची चार पानं अडकलेली. आता वाळून खडखडीत झालेली.

ती पिशवी माझ्याकडेच आहे. ती कुणाला परत करायची, मला कळत नाही.

तुमच्याकडेही कुणाच्या हातचं काही येत असेल. मेतकूट, लोणचं, वाळवलेला पाला. या खेपेला ते जरा वेगळं लागलं असेल, तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. हे वाचून झालं की त्यांना फोन लावा. उचलला नाही, तर शेजाऱ्यांना लावा.