लेखिकेचे हेलपाटे पाहिलेला सोफा

मी एक जुना सोफा आहे. तिघे बसतील एवढा लांब, तपकिरी, आणि दाराकडच्या बाजूला पार खचलेला. मित्रांनो, त्या बाजूला बसणारी माणसे काही जड नव्हती. ती फार वेळ बसत, एवढेच.

एका सुताराने माझी चौकट ठोकली आणि त्याच्या बायकोने कव्हर शिवले. तिथून मी लोखंडी कपाटे बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत आलो. सुरुवातीला माझे कौतुक काय विचारता! मालक स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसत. पाहुण्यांना चहा माझ्यावरच मिळे.

पुढे धंदा वाढला आणि मालकांना आपल्या वडिलांचे चरित्र लिहून घ्यावेसे वाटले. त्यासाठी एक लेखिका आली. तिला कुठे नोकरी नव्हती. मिळेल ते लेखनाचे काम करून ती पोट भरत असे. माझ्यावर बसूनच तिने एकेका म्हाताऱ्या कामगाराला बोलते केले. येता-जाता मालक म्हणत, "बाई, तुमच्या हातात जादू आहे!" पुस्तक छापून झाले, समारंभ झाला, भाषणे झाली. मग तिने बिल दिले आणि तिचे हेलपाटे सुरू झाले.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा," काउंटरवरची मुलगी म्हणे. ती बसे. हिशेबनीस कधी म्हणे सही राहिली आहे, कधी म्हणे तारीख चुकली आहे. एकदा तर बिलच सापडेना.

"अहो, तुमच्याच हातात दिलं होतं मी."

"बाई, इथे रोज ढिगानं कागद येतात," असे म्हणून तो चहाला निघून गेला. तिला मात्र आता कोणी चहा विचारत नसे.

एका दुपारी तिने हळू आवाजात मोठ्या बहिणीला फोन केला. "ताई, घरमालक थांबायला तयार नाही गं. या महिन्याचं तेवढं तू दे. भीक कसली? माझेच पैसे अडकलेत त्यांच्याकडे." फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ माझी उसवलेली शिवण बोटाने दाबत राहिली.

मग एके दिवशी तिच्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. ते मोठी ऑर्डर द्यायला आले होते. समोरच्या टेबलावरचे चरित्र चाळता चाळता ते म्हणाले, "वा! 'बाबांनी कुणाच्या घामाचा पैसा एक रात्रसुद्धा स्वतःकडे ठेवला नाही.' काय माणूस असेल हो!"

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "आणि त्या लिहिण्याचेच पैसे मागायला आलेय. वर्ष होत आलं."

गृहस्थांनी पुस्तक मिटले. मालक नेमके तेव्हाच दारात उभे होते. ते मोठ्याने हसले. "अहो, एवढंच ना? सांगायचं तरी!" त्यांनी हिशेबनिसाला हाक मारली. इतके दिवस अडलेला चेक बघता बघता तयार झाला.

गृहस्थ आत गेल्यावर मालकांचे हसू मावळले. "चारचौघांत अब्रू काढलीत माझी. आता तुम्हाला कुठे काम मिळतं तेच बघतो."

"भाडं थकलं म्हणून खोली गेल्या आठवड्यातच सुटली माझी," ती म्हणाली. "आता आणखी काय काढून घ्यायचं उरलंय, ते बघा."

चेकवरची रक्कमही कमीच होती. तिने ती पाहिली, चेक पर्समध्ये टाकला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "तो सोफा हलवा तिथून. लोक ठाण मांडून बसतात." दोघांनी मला उचलून मागच्या जिन्याखाली टाकले. उंदरांनी माझा कापूस उकरला आहे. पैसे मागायला येणारे आता भिंतीला टेकून उभे राहतात आणि पाय भरून आले की निघून जातात.

मित्रांनो, मला झटका, पुसा, नवे कव्हर घाला, असे मी म्हणत नाही. मी लाकूड आणि कापूस. मला कुठे घरभाडे भरायचे आहे? पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाकडून काम करून घ्याल. ते आवडले तर कौतुक जरूर करा. मात्र त्याआधी त्याचे पैसे द्या, आणि तेही उभ्या उभ्या.