गोरखच्या आवाजात

शेडमध्ये बसायला जागा उरली नव्हती, म्हणून निम्मी माणसं बाहेर उसाच्या बांधावर उभी होती. ओतूरच्या अलीकडे मळ्यात गोजरबाईंची ही शेड. तिथे मेलेलं माणूस येऊन बोलतं, अशी ख्याती पार आंबेगावपर्यंत पोचली होती. भर दुपारी आत अंधार केलेला, पत्रा तापलेला, उदाचा धूर डोळ्यांत जाणारा. गोजरबाई डोळे मिटून डुलत होत्या. एकाएकी त्यांच्या तोंडून पुरुषी, धाप लागलेला आवाज आला.

"मंगल, गोठ्याची कडी लावली का?"

शेजारी बसलेल्या मंगलच्या हातातून नारळ सुटला. तिचा नवरा गोरख किडनीच्या आजारात गेला होता. निजायच्या आधी तो रोज हेच विचारायचा. मी मंचरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, भूतखेत मानत नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला.

"लावली," मंगल कशीबशी म्हणाली. "तुमी बरं हाय ना?"

"माझी काळजी सोड. पोस्टातलं पैसं काढ, अन् पोरीला हायवेवरच्या केंद्रात घाल. महिन्याला पन्नास हजार कमवंल."

परलोकात पगाराचे आकडेही पोचतात, हे मला नवीन होतं. गर्दीने मात्र हात जोडले.

मंगलची मुलगी अक्षदा माझी विद्यार्थिनी; तिच्याच आग्रहावरून मी आले होते. वडिलांना डायलिसिसला नेता नेता तिने ठरवलं होतं, बारावीनंतर ते मशीन चालवायचं शिकायचं. हायवेवरचं एक केंद्र वर्षभरात प्रमाणपत्र देत होतं, पण गोरखच्या मागे हाती आलेली, पोस्टात ठेवलेली सगळी रक्कम फीमध्ये जाणार होती. मायलेकींचा निर्णय होईना. तेव्हा केंद्रातला गोडबोल्या मार्गदर्शक सूरज म्हणाला, "वडिलांनाच विचारा की. गोजरबाई बोलणं करून देतात."

आठवड्याने अक्षदा त्यांच्या गावाहून, अवसरीहून, माझ्या घरी आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, आई रोज बाबांचं ताट वाढते. ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलते. मधेच थांबते, जसं काय समोरून कुणी उत्तर देतंय. मला घरात भीती वाटते."

"गोठ्याच्या कडीचं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"सूरजसरांना. त्यांनी विचारलं, बाबांची कुठली आठवण येते. मी रडत रडत सगळं सांगितलं."

"मग आता त्यांना एक खोटी आठवण सांग," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणालाही सांगू नकोस, आईलासुद्धा नाही."

ती केंद्रात जाऊन ती सांगून आली, मी बाहेर थांबले होते. येताना आम्ही नारायणगावच्या एका डायलिसिस सेंटरवर थांबलो. वृषाली नावाची तंत्रज्ञ चहाला बाहेर आली होती. तिला अक्षदाने सरळच विचारलं.

"त्या केंद्रातल्या दोघी आमच्याकडे आहेत," वृषाली म्हणाली. "प्रमाणपत्राला मान्यता नाही, म्हणून मशीनला हात लावू देत नाहीत. चादरी बदलतात, पेशंटला धरून आणतात. सात-आठ हजार मिळतात. मी मान्यतेचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला. फी त्यांच्याहून कमी पडली, आणि सुरुवातच पंधरा हजारांवर झाली."

"आणि पन्नास?"

"पन्नास हजार आमच्याकडे कुणालाच नाहीत गं."

पुढच्या बैठकीला आम्ही तिघीही गेलो. तीच धाप, तोच आवाज.

"अक्षू, तुझी लाल सायकल घ्यायची राहिली गं. त्यातच जीव अडकलाय माझा."

मंगलने गोंधळून लेकीकडे पाहिलं. अक्षदा उभी राहिली. तिचा आवाज शांत होता.

"बाबांनी मला सायकल कधीच कबूल केली नव्हती. ही गोष्ट मी रचली, आणि फक्त केंद्रातल्या सूरजसरांना सांगितली."

गोजरबाईंनी एक डोळा उघडला. "दुसरं पिशाच मधी शिरलं."

"मग त्या पिशाचालाही सूरजसरच सांगतात का?"

मागून गेणभाऊ नावाचे म्हातारे म्हणाले, "सूरज? त्यो तर गोजरबाईचा सख्खा भाचा हाय."

काही माणसं उठून गेली. काही मात्र, पुढे जागा झाली म्हणून, आणखी जवळ सरकली.

एसटीत मंगल खिडकीबाहेर बघत होती. तशीच बोलली.

"शेवटच्या दिशी मी दवाखान्यात नव्हते, मॅडम. वैरण आणाया घरी आले व्हते. त्या बाईपुढं मी त्यांची माफी मागितली. 'माफ केलं' म्हणाली ती, त्यांच्या आवाजात. लई दिसांनी झोप लागली व्हती मला. आता ती माफी कुणाची?"

अक्षदाने आईचा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

अक्षदा आता पुण्यात मान्यतेचा डिप्लोमा करते. मंगलने ताट वाढणं थांबवलं, पण तिची झोप पुन्हा गेली. गोजरबाईंच्या हाती तिचे पोस्टातले पैसे लागले नाहीत एवढंच. बाकी बरंच नेलं.

म्हणून सांगते. पोरांच्या शिक्षणाचा कौल मेलेल्यांकडे मागू नका. जे शिकायचंय तेच काम जे करतात, त्यांना गाठा. प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा, हातात किती पडतं, काम काय देतात, हे तोंडावर विचारा. आणि आपल्या गेलेल्या माणसाची आठवण गोड बोलणाऱ्या परक्याच्या हवाली करू नका. तो ती आपल्यालाच विकायला आणतो.