चौकटीत न बसणारा दरवाजा

मित्रांनो, तुम्ही मला ढकलून आत गेला असाल, पण माझ्याकडे नीट बघितलं नसेल. मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. झाड होतो तेव्हाचं फारसं आठवत नाही, फक्त वारा आठवतो. दुपारचं ऊन पायाशी येऊन पडलं की मला पेंग येते आणि अंगात कुठेतरी पानं हलल्यासारखी वाटतात.

आधी बरीच वर्षं मी एका शिंप्याच्या दुकानात होतो. पुढे त्या जागेत कुटुंब समुपदेशन केंद्र सुरू झालं. घरात ज्यांचं पटत नाही अशी माणसं तिथे येत. आतल्या खोलीत एक ताई त्यांचं ऐकून घेत; त्या खोलीचा दरवाजा मी. ताई पगार घेत नसत. केंद्र मात्र सरकारी अनुदानावर चाले.

नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, सगळे माझ्यातूनच आत गेले. जाताना मला आपटत, येताना हळूच ओढून घेत. त्यांचे आवाज माझ्या लाकडात मुरत गेले. पेंगेत कधी कधी ते सगळे एकदमच बोलायला लागत, आणि कोण कुणावर रागावलंय तेच मला कळत नसे.

"या दरवाज्याला किती संसार माहीत असतील!" ताई कौतुकाने म्हणत. पण भिंतीला ओल आली, मी फुगलो आणि चौकटीत बसेनासा झालो. दोन बोटं फट राहू लागली. कुणी मनावर घेतलं नाही.

एकदा एक सून आत रडत रडत बोलत होती. बाहेर तिची सासू बसली होती. फटीतून तिने सगळं ऐकलं. ती उठली आणि सुनेला हाताला धरून घेऊन गेली. दोघी पुन्हा आल्या नाहीत. मित्रांनो, ती फट माझी होती.

मग तपासनीस बाई आल्या. अनुदान हवं तर ठरलेले निकष पाळायचे, असा नियम निघाला होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू येता कामा नये, हा पहिला निकष.

ताई आतल्या खोलीत जाऊन केंद्रात सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला म्हणाल्या, "आपण फुकट राबायचं, वर आपलीच परीक्षा!"

"ताई, ऐकू आलं हं मला!" तपासनीस बाई बाहेरून म्हणाल्या.

ताईंनी जीभ चावली. महिन्याची मुदत मिळाली. तोवर मी नीट लागलो नाही, तर केंद्राला कुलूप.

सुतारकाकांना बोलावलं. त्यांची बायको वर्षापूर्वी वारली होती. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलत. त्यांनी मला उतरवलं, रंधा मारला, कडेने रबरी पट्टी ठोकली.

"काका, कधी येऊन बसा ना. बोललं की हलकं वाटतं," ताई म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय? ती पाचर द्या इकडे."

तपासणीच्या दिवशीही काका बिजागरी पुन्हा बघायला आले होते. तपासनीस बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्हीच आत जाऊन बोला, नेहमीच्या आवाजात. मी बाहेरून ऐकते."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

मी लागलो. काकांनी बेचा पाढा सुरू केला. बे पंचे दहापाशी ते थांबले. त्यांनी माझ्यावर तळवा टेकवला. मग हळूच म्हणाले, "अगं, ऐकतेस का?"

पुढचं मी सांगणार नाही. निकषच आहे तसा. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत वाटत होती आणि काका बोलत होते, एवढंच.

बाहेर बाई कान देऊन उभ्या होत्या. "आत बोलतायत ना ते? मला काहीच ऐकू येत नाही."

"मग झालंच की!" ताई म्हणाल्या.

बाईंनी कागदावर 'योग्य' असं लिहिलं. ताईंनी मला ठोठावायला हात उचलला. बाईंनी तो धरला. "राहू द्या. मला घाई नाही."

बऱ्याच वेळाने काका बाहेर आले. डोळे लाल होते. "बिजागरी अजून कुरकुरतेय. मंगळवारी येतो," ते म्हणाले.

"चारची वेळ लिहून ठेवते," ताई म्हणाल्या.

"बिजागरीला कसली वेळ?"

"लागते हो, काका."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद आहेत. त्यांना ओलीपासून जपा, बिजागरीला अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि कुणी दार लावून आत बसलं असेल तर कान लावू नका. बाहेर थांबा. आतलं माणूस आपणहून कडी काढतं.