दातवाल्याची डावी भुवई

देवाने माणसाला विसरण्याची देणगी दिली ती दुःख हलकं व्हावं म्हणून. माणसाने ती भलत्याच कामाला लावली. एखादी गोष्ट चालू असताना तिचा कंटाळा करायचा, आणि ती बंद पडली की कंटाळा विसरून तिच्या नावाने उसासे टाकायचे. भुतांच्या बोगद्याचं अगदी असंच झालं.

बागेतला तो बोगदा चालू होता तेव्हा त्याला कोणी घाबरत नसे. छोट्या डब्यांची गाडी कुरकुरत अंधारात शिरायची. एक सांगाडा हात हलवायचा, तो हात बहुतेक वेळा निखळलेलाच असायचा. पांढऱ्या झग्यातली बाई शिंक आल्यासारखी किंचाळायची. आणि शेवटच्या वळणावर मोठा लाल राक्षस, ज्याला सगळे दातवाला म्हणत, स्प्रिंगवर पुढे झेपावायचा. उन्हाळ्यात लोक गारव्यासाठी आत जात. काही जण चक्क झोपत.

मग रूळ गंजले आणि बोगद्याला कुलूप लागलं. कुलूप लागल्यावर मात्र सगळं गाव त्याला मनापासून घाबरायला लागलं. "मी आत बेशुद्ध पडलो होतो," असं सांगणारे इतके निघाले, की ते खरोखर पडले असते तर बागेला शेजारी दवाखाना काढावा लागला असता. जुने फोटो मोबाइलवर फिरले, सह्या गोळा झाल्या, आणि शेवटी बागेच्या मॅनेजरने जाहीर केलं: बोगदा परत सुरू होणार, आणि होता तस्साच होणार.

ही बातमी ऐकून जो खरोखर घाबरला असा गावात एकच माणूस होता. आतली भुतं ज्याने रंगवली होती, तो पेंटर.

त्याचं कारण असं. पेंटरचे सासरे हेडमास्तर होते. मुलीने दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याशी लग्न केलं, हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाही. लग्नाच्या जेवणात, भरल्या पंगतीत, त्यांनी जावयाला विचारलं होतं, "पाट्या रंगवता ते ठीक, पण पुढे काय करायचा विचार आहे?" पंगत हसली. जावई पानाकडे बघत राहिला. आणि त्याच महिन्यात त्याला बोगद्याचं काम मिळालं.

पेंटरची एक अडचण होती. डोळ्यांसमोर कोणाचा तरी चेहरा असल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. राक्षस करायला बसला, डोळे मिटले, आणि जो चेहरा समोर आला तो आला. दाट भुवया, त्यांतली डावी चढलेली. नाकाच्या शेंड्याशी तीळ. पुढच्या दातांत फट. शिंगं तेवढी पेंटरने आपल्या पदरची घातली. काम झाल्यावर मागे सरून बघतो तर सासरे लाल रंगात त्याच्याकडे रोखून बघतायत. पण काम हातावेगळं करायची वेळ झाली होती. आत अंधार आहे, गाडी झटक्यात पुढे जाते, कोण बघतंय, असं स्वतःला समजावत त्याने ब्रश धुतले.

पुढे नातवाच्या वाढदिवसाला हेडमास्तर स्वतः त्या गाडीत बसले. पेंटर बाहेर कठडा घट्ट धरून उभा. गाडी बाहेर आली. हेडमास्तर उतरले, पँटची घडी सारखी केली आणि म्हणाले, "बाकी सगळं भिकार आहे. तो शेवटचा तेवढा रुबाबदार."

पेंटरचा जीव भांड्यात पडला. जावयाच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो एकुलता एक चांगला शब्द. काही वर्षांनी हेडमास्तर गेले.

आता सासूबाई पेंटरकडेच राहत होत्या. सकाळी देवाचं नाव आळवत भाजी निवडायच्या. गळा अजून असा गोड, की भाजीवाल्याने घेवडा निबर दिला असला तरी तो निवडताना घर प्रसन्न व्हायचं. सासू-जावयाचं इतकं गूळपीठ, की बायको म्हणायची, "या घरात मी भाडेकरू आहे."

"बोगदा उघडतोय म्हणे," एके सकाळी सासूबाई गाणं थांबवून म्हणाल्या. "जावईबापू, पहिल्याच दिवशी मला घेऊन चला."

पेंटरने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्हाला काय करायचंय भुतांशी?"

"या वयात ओळखी करून ठेवलेल्या बऱ्या."

"आई, धक्के बसतात गं त्या गाडीत," बायको म्हणाली.

"तुझ्या वडिलांबरोबर संसार केलाय मी. मला धक्क्यांचं सांगू नकोस."

पेंटर उठून बाहेर गेला. आईसारखी माया करणारी ही बाई. तिने आपल्या नवऱ्याला शिंगं लावलेली बघितली, तर उद्यापासून आपल्या ताटाकडे तरी बघेल का? त्याने मनाशी ठरवलं. 'होता तस्साच'चं काय वाटेल ते होवो, चेहरा बदलायचा.

"साहेब, दातवाल्याचा चेहरा ओलीने पार खाल्लाय," त्याने मॅनेजरला सांगितलं.

"काय सांगता? आता?"

"करतो काहीतरी. तुम्ही इकडे फिरकू नका, धूळ उडते."

ओलीने काही खाल्लं नव्हतं. ताडपत्री काढली तर हेडमास्तर ठणठणीत. सासऱ्यांच्या नाकावर पॉलिश पेपर घासायची संधी किती जावयांच्या नशिबात असते? पण पेंटरला त्यात तिळभर सुख झालं नाही. तिळापाशी आल्यावर तर त्याने डोळेच मिटून घेतले. चेहरा सपाट झाला, आणि जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली: आता समोर कोणाला धरायचं? डोळे मिटले की सासरेच यायचे. शेवटी त्याने रंगाचे डबे ठेवायच्या फळीवर छोटा आरसा टेकवला आणि डोळे उघडे ठेवून, आरशात जो दिसला त्याला रंगवलं. घाबरलेल्या माणसाचे डोळे राक्षसाला फार शोभले.

पहिल्या दिवशी ही गर्दी. पहिल्या फेरीतून बाहेर आलेला एक धिप्पाड गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, "अगदी तोच चेहरा. लहानपणी याच्यामुळे मी दिवा लावून झोपायचो." त्याच्या मागचे तिघे म्हणाले, तोच. मॅनेजरनेही मान डोलावली. पेंटरला वाटलं, देवाने लाज राखली.

सासूबाई जावयाशेजारी डब्यात बसल्या. सांगाड्याला त्यांनी, "बरा आहेस का?" म्हणून विचारलं. झग्यातली बाई शिंकली तेव्हा, "सर्दी गेली नाही हिची अजून," म्हणाल्या. सासूबाईंना हे कसं माहीत, असं पेंटरच्या मनात येईतो वळण आलं. दातवाला झेपावला. सासूबाई मान वळवून मागे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या. बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"ह्यांना कुठे ठेवलंत?"

"कोणाला?"

"जावईबापू, पुरे. आत शिंगं लावून तुम्ही बसलायत. ह्यांना कुठे ठेवलंत, ते विचारतेय."

"तुम्हाला... आधीपासून..."

"नवरा होता तो माझा. लाल केला म्हणून ओळखणार नाही? ते गेल्यावर मी भाजीला म्हणून निघायचे आणि इथे यायचे. बंद पडला तेव्हा चार दिवस जेवण गेलं नाही मला. लेकीला वाटलं पित्त झालंय. सह्या गोळा करायला सुरुवात कोणी केली असं वाटतं तुम्हाला?"

"पण घरात फोटो आहे ना त्यांचा," पेंटर कसाबसा म्हणाला.

"फोटोत ते हसतायत. फोटोवाल्याने सांगितलं म्हणून. घरात कधी हसले? इथे बघा, वळण आलं की दात दाखवत अंगावर यायचे. मला वाटायचं, चला, बरे आहेत."

पेंटरला राहवेना. "त्यांना कळलं नव्हतं, एवढं तरी देवाचं..."

"कळलं नव्हतं? गाडीत बसले त्या दिवशी घरी आले आणि आरशासमोर उभे राहिले. मग म्हणाले, 'हात चांगला आहे त्याचा. पण डावी भुवई चुकलीय.'"

"मला का नाही बोलले?"

"बोलले असते तर हेडमास्तर कसले?"

सोमवारी बाग बंद असते. सासूबाई शेवटच्या वळणावर, उभ्या गाडीच्या डब्यात पायांवर शाल घेऊन बसल्या होत्या. दिवा लावून पेंटर आपलाच चेहरा घासत होता. मॅनेजर धावत आला.

"अहो, हे काय? लोक म्हणतायत अगदी पूर्वीसारखा झालाय."

"हो साहेब. म्हणून पूर्वीसारखा करतोय."

मॅनेजरने सासूबाईंकडे बघितलं. "बसा," त्या म्हणाल्या. तो बसला.

तीळ आला. दातांतली फट आली. "रागीट करा अजून," सासूबाई मागून सांगत होत्या. "देवमाणूस करू नका, ओळखू यायचे नाहीत." शेवटी भुवया राहिल्या. पेंटर ब्रश धरून थांबला.

"डावी काय चुकली होती?"

"चढवली होतीत."

"चढलेलीच असायची. मी कधी खाली बघितली नाही."

"तुम्ही कशी बघणार? तुम्ही घरात शिरलात की ती चढायची. तुम्ही गेलात की उतरायची." त्यांनी पायांवरची शाल ओढून घेतली. "एरवी चेहऱ्याच्या त्या बाजूला ते अगदी साधे होते."

पेंटरने भुवई खाली घेतली. थोडीच. त्या बाजूने राक्षस आता दिवसभर वर्गावर ओरडून घरी आलेल्या माणसासारखा दिसू लागला.

पुढच्या रविवारी लोक फेरी मारून बाहेर आले आणि नाक मुरडू लागले. पूर्वीचा दातवाला काय होता, हा कसला, मेलेला. धिप्पाड गृहस्थाने तर पैसे परत मागितले. मॅनेजर कपाळाला हात लावून तिकिटाच्या खिडकीत बसला होता.

आत गाडी कुरकुरत चालली होती. सांगाडा गेला, शिंक गेली. शेवटचं वळण आलं तशा सासूबाईंनी अंधारात चष्मा सारखा केला, आणि मग केसही.